ओळखपडताळणी, बँकव्यवहारातील
खात्यातून रक्कम मागणारी व्यक्ती हीच त्या खात्याची खरी खातेदार आहे, याबद्दल बँकेने व्यवहारापूर्वी करून घ्यावयाच्या खातरजमेस ओळखपडताळणी म्हणतात. बँकेच्या दालनात ही खातरजमा नमुना सही, खातेपुस्तिकेवरील छायाचित्र, साक्षीदारांसमक्ष उमटविलेला अंगठा आणि मुख्यत्वे रोखपालाची चेहऱ्याची ओळख यांवर चालत आली. इंटरनेट व मोबाइल यांद्वारे होणाऱ्या व्यवहारांत समोर माणूस नसतो; म्हणून त्याचे स्थान पासवर्ड (परवलीचा शब्द), पिन, मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक म्हणजे ओटीपी, बोटाचा ठसा इ. साधनांनी घेतले आहे. पडताळणी जितकी कडक तितका चोराचा मार्ग अवघड होतो, हे उघड आहे. परंतु वाढविलेली प्रत्येक पायरी अधिक वेळा अडविते ती खऱ्या खातेदारासच. सोय व सुरक्षितता यांचा मेळ कसा घालावा, हा या व्यवहारातील मूळ प्रश्न असून ग्रामीण जिल्ह्यांत त्याचे स्वरूप शहरांतल्याहून बरेच वेगळे दिसते. विदर्भातील बुलढाणा जिल्हा हे त्याचे एक चांगले उदाहरण होय.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती : अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे घाटावरील व घाटाखालील अशा दोन भागांत विभागलेल्या या जिल्ह्यात १३ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. तीपैकी सु. चार पंचमांश लोक खेड्यांत राहत होते. कापूस व सोयाबीन ही प्रमुख पिके. साहजिकच शेतकऱ्याच्या खात्यात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही; तो पिकाच्या विक्रीनंतर, पीककर्ज मंजूर झाल्यावर, पीकविम्याची भरपाई मिळाल्यावर किंवा २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या २,००० रुपयांच्या हप्त्याच्या रूपाने येतो. वर्षातून मोजक्या वेळी खाते उघडून पाहणाऱ्यास आठ-दहा अक्षरांचा, अंक व चिन्हे मिसळलेला पासवर्ड लक्षात राहणे कठीण असते. त्यात तो ठरावीक दिवसांनी बदलण्याची सक्ती असेल, तर दोन हप्त्यांच्या मधल्या काळातच तो कालबाह्य होतो. मग पासवर्ड खातेपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिला जातो, घरातील एकुलत्या स्मार्टफोनमध्ये मुलाच्या स्वाधीन होतो किंवा ओळखीच्या सेवाकेंद्रचालकास सांगितला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील डोंगराळ भागात जेथे मोबाइलचा संपर्क अधूनमधून तुटतो, तेथे ओटीपी त्याची मुदत संपल्यावर पोहोचतो आणि अर्धवट राहिलेला व्यवहार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

यातील धोका केवळ तांत्रिक नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील नुकसान कोणी सोसावे, याविषयी तत्त्व घालून दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते सहकारी बँकांनाही लागू करण्यात आले. त्यानुसार दोष बँकेचा असेल, तर खातेदारावर काहीच भार नाही. दोष बँकेचा नाही आणि खातेदाराचाही नाही, अशा प्रसंगी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास खातेदार पूर्णपणे मुक्त राहतो. चार ते सात दिवसांत केल्यास खात्याच्या प्रकारानुसार ५,००० ते २५,००० रुपयांपर्यंत भार त्याच्यावर येऊ शकतो. खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकण्यात आला. परंतु पासवर्ड, पिन किंवा ओटीपी दुसऱ्यास सांगणे हा खातेदाराचा निष्काळजीपणा मानला गेला असून बँकेस कळविण्यापूर्वी झालेले सर्व नुकसान अशा वेळी त्यानेच सोसावयाचे असते. म्हणजे जी पडताळणी न पेलवल्यामुळे गुपित दुसऱ्याच्या हाती जाते, त्याच पडताळणीच्या नियमाने भरपाईचा हक्कही जातो. शहरातील नोकरदारास जी किरकोळ गैरसोय वाटते ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाबतीत एका हंगामाच्या मिळकतीचा प्रश्न बनू शकते. कडक नियम हा नेहमी दुर्बलाचे रक्षण करतोच, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

जिल्ह्यातील अर्थव्यवहारात सहकारी संस्थांचा वाटा मोठा आहे. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक व चिखली, खामगाव यांसारख्या गावांतील नागरी सहकारी बँका यांखेरीज १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था जिल्ह्याबाहेरही पसरली. येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. पतसंस्था ही बँकिंग परवाना असलेली बँक नव्हे; ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्या ठेवींना मिळत नाही आणि वर उल्लेखिलेले २०१७ चे परिपत्रकही बँकांना उद्देशून काढलेले होते. मोबाइलच्या पडद्यावर दोन्हींची प्रवेशपाने सारखीच दिसतात; मागचे कायदेशीर संरक्षण मात्र सारखे नसते. सहकारी बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१५ मध्ये इंटरनेट सेवेचे दोन प्रकार केले. केवळ शिल्लक व नोंदी पाहण्याची सुविधा संगणकीय केंद्रीय प्रणाली असलेल्या बँकांना पूर्वपरवानगीशिवाय देता येई. पैसे पाठविण्याच्या सुविधेसाठी मात्र किमान ५० कोटी रुपयांची निव्वळ मत्ता व इतर अटी पूर्ण करून परवानगी घ्यावी लागे. ज्यास हप्ता जमा झाला की नाही एवढेच पाहावयाचे आहे, त्यास केवळ पाहण्याची सुविधा पुरेशी असते. ज्या वाटेने पैसा बाहेर जातच नाही, तिच्यावर जड कुलूप लावण्याचे कारण उरत नाही.

पडताळणीचे घटक : खातेदारास ठाऊक असलेले गुपित, त्याच्या ताब्यातील वस्तू आणि त्याचे शारीरिक वैशिष्ट्य असे पडताळणीचे तीन घटक मानले जातात. भिन्न प्रकारचे दोन घटक एकत्र वापरणे ही द्विघटकी पडताळणी होय.  दोन पासवर्ड विचारल्याने मात्र पडताळणी द्विघटकी होत नाही; एकाच कागदावर दोन्ही लिहिलेले असू शकतात.

गुपित किती लांब असावे, हा वाद जुना आहे. लंडनजवळील एन्फील्ड येथे २७ जून १९६७ रोजी बार्क्लेज बँकेने बसविलेल्या रोकडयंत्राचे कल्पक जॉन शेफर्ड-बॅरन (यांचा जन्म शिलाँगचा) यांनी पिनसाठी प्रथम सहा अंक योजिले होते. पत्नीला चारच अंक नीट लक्षात राहतात, असे आढळल्यावर आपण चार ठरविले, असे ते सांगत. चार अंकांचे १०,००० पिन संभवतात. तीन चुकांनंतर यंत्र अडवीत असेल, तर अंदाजाने पिन ओळखण्याची शक्यता १०,००० त ३ एवढीच राहते. अट एवढीच, की पिन खरोखर मनचा असावा, जन्मवर्ष किंवा १२३४ नसावा. तेव्हा लहान पिन सुरक्षित ठरतो तो त्याच्या लांबीमुळे नव्हे, तर चुकांवरील मर्यादा व सोबतचे कार्ड यांमुळे. पासवर्ड वारंवार बदलण्याच्या व त्यात चिन्हे मिसळण्याच्या रूढीचा उगमही येथेच सांगणे इष्ट होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेच्या २००४ मधील मार्गदर्शिकेने तीस बळ दिले. त्याच संस्थेने २०१७ मध्ये, गुपित फुटल्याचा पुरावा असल्याखेरीज मुदतीने पासवर्ड बदलावयास लावू नये, अशी शिफारस केली. सक्ती झाली की लोक जुन्याच शब्दापुढील अंक एकाने वाढवितात, असा अनुभव आला होता.

भारतात घरबसल्या कार्डाने केलेल्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून दुसरा घटक बंधनकारक केला. याचा मोठा लाभ झाला. कार्डावरील अंक चोरून भागेनासे झाले. ओटीपी हे त्याचे सर्वांत रूढ साधन. त्यास लक्षात ठेवावे लागत नाही व तो काही मिनिटांत निरुपयोगी होतो. परंतु तो फोनवर येतो, आणि फोनवर बोलणाऱ्या भामट्यास तो वाचून दाखविता येतो. बनावट कागदपत्रांनी त्याच क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळविणे, पडदा दुरून दाखविणारे उपयोजन फोनमध्ये बसवावयास लावणे, लग्नपत्रिका किंवा शासकीय योजनेची यादी म्हणून घातक फाइल पाठविणे, या चोरीच्या इतर रीती होत. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असे सांगणारा फसवीतच असतो.

बोटाच्या ठशाची पद्धत निरक्षरांना सोयीची म्हणून आणली गेली. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. पुढे बँकमित्राच्या यंत्रावर ठसा उमटवून गावातच रोकड मिळू लागली. ज्यांस पासवर्डचे ओझे पेलत नाही, त्यांच्यासाठी ही खरी सोय होय. परंतु मातीत व दगडात राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र खऱ्या धन्यासच नाकारते. उलट, दस्तऐवजांवरून नक्कल केलेल्या ठशांनी रक्कम काढल्याचे प्रकार देशात घडले. फुटलेला पासवर्ड बदलता येतो. बोट बदलता येत नाही. यासाठी आधार प्राधिकरणाने खातेदारास आपले ठसे कुलूपबंद ठेवून गरजेपुरते खुले करण्याची सोय दिली असून जिवंत बोट व नक्कल यांतील फरक ओळखणारी तपासणीही २०२३ मध्ये जोडली.

जोखमीनुसार पडताळणी : सर्व व्यवहारांना एकच कुलूप लावण्याऐवजी नुकसानीच्या संभवाप्रमाणे पायऱ्या वाढविणे, हा अलीकडील काळात मान्य झालेला मार्ग होय. स्पर्शविरहित कार्डाने २०१५ पासून २,००० रुपयांपर्यंत व १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिनविना खरेदी करता येऊ लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये थोडी रक्कम वेगळी काढून तीतून पिनविना पैसे देता येतात. प्रारंभीची २०० रुपयांची मर्यादा २०२३ मध्ये ५०० व डिसेंबर २०२४ मध्ये १,००० रुपये झाली. फोन हरवल्यास जाईल ते या काढून ठेवलेल्या रकमेपुरतेच. याच्या उलट, नवे उपकरण, प्रथमच जोडलेला लाभार्थी किंवा नेहमीपेक्षा मोठी रक्कम दिसताच अधिक खातरजमा करणे आणि काही काळ मर्यादा घालणे इष्ट ठरते. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेल्या निर्देशांनी हीच दिशा घेतली. किमान दोन घटक व त्यांपैकी एक प्रत्येक व्यवहारागणिक बदलणारा असावा, ही अट त्यांत असून ओटीपीखेरीज अन्य साधनांनाही वाव दिला आहे. निर्देश न पाळल्यामुळे झालेली हानी संबंधित संस्थेने पूर्णपणे भरून द्यावी, असेही म्हटले आहे. अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली.

दुसऱ्यावर विसंबावे लागणाऱ्या खातेदाराच्या दृष्टीने याहून उपयुक्त सुधारणा २०२४ मधील यूपीआय सर्कल ही होय. तीत खातेदार आपला पिन न सांगता घरातील दुसऱ्या व्यक्तीस आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा देतो. एक तर प्रत्येक व्यवहार तो स्वतः मंजूर करतो, नाहीतर महिन्यास १५,००० व एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतची मोकळीक देतो. वृद्ध आईचा पिन मुलाने वापरणे ही आजवरची घरोघरची वहिवाट होती. नियमांच्या लेखी ती निष्काळजीपणाच ठरे. संयुक्त खाते व मुखत्यारपत्र हे त्यावरील जुने उपाय. पण त्यांसाठी शाखेत खेपा घालाव्या लागत.

मर्यादा : खातेदाराच्या बाजूची पडताळणी कितीही चोख असली, तरी बँकेच्या अंतर्गत यंत्रणेतील छिद्र तिने बुजत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात सु. ९४ कोटी रुपये गेले, ते कोणा खातेदाराने ओटीपी सांगितल्यामुळे नव्हे. बनावट कार्डांद्वारे अनेक देशांतील एटीएममधून केलेल्या मागण्यांना बँकेच्या नावाने परस्पर संमती मिळत गेली. तसेच बहुतेक पडताळणी एकतर्फी असते : बँक खातेदारास ओळखते, पण पडद्यावरचे पान खरोखर बँकेचेच आहे, हे खातेदाराने कसे ओळखावे? या उणिवेवर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव नामप्रत्यय योजिला आणि तो स्वीकारण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत दिली. पत्त्याच्या शेवटी हा प्रत्यय नसेल, तर तेथे पासवर्ड भरू नये. रक्कम गेल्याचे लक्षात येताच बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी लागते. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती गोठविता येते.