टायमिंग कानानं की बत्तीनं?

मुरगूडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेली ती जुनी मारुती ८०० तुमची का? ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो? मग पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घालण्याआधी टायमिंग बघा.

आपल्याकडं मिस्त्री डिस्ट्रीब्युटर जरा फिरवतात, रेस देतात, मान हलवतात. "बत्ती कशाला पायजे, कानानं कळतंय की!" मुरलेला कान बरंच सांगतो, हे खरंच. पण दारात गोड वाजणारं इंजिन फोंडा घाटात चार माणसं घेऊन चढताना नॉकिंग करतं. ठिणगी पिस्टन टोकाला पोचायच्या थोडी आधी पडावी लागते. फार आधी पडली तर पिस्टन खराब व्हायची वेळ येते. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते आणि पेट्रोलही जास्त पिते. हे 'थोडी आधी' अंशांत मोजतात, आणि दोन-तीन अंशांची चूक कानाला कळेलच असं नाही.

टायमिंग लाइट एक नंबर प्लगच्या ठिणगीबरोबर चमकते. ९०० आरपीएमला क्रँक सेकंदाला १५ फेरे मारतो, ठिणगी दोन फेऱ्यांत एकदा पडते, म्हणजे बत्ती सेकंदाला साडेसात वेळा लुकलुकते. त्या उजेडात पुलीवरची, काही गाड्यांत फ्लायव्हीलवरची, खूण जागीच थांबल्यासारखी दिसते.

घ्यायच्या आधी एक बघा : तुमच्या गाडीत हातानं फिरवता येणारा डिस्ट्रीब्युटर आहे का? बहुतेक एमपीएफआय गाड्यांत टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथं बत्तीचं फारसं काम नाही. पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, कार्ब्युरेटरची ८०० असेल तर पुढं वाचा.

सगळ्यात स्वस्त निऑनची. प्लगची वायर काढून मध्ये जोडावी लागते आणि उजेड इतका मंद की दुपारी खूण दिसतच नाही. ती नकोच. वायरवर नुसता चिमटा लावायची झेनॉन किंवा एलईडी बत्ती घ्या. ती गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालते. चिमट्याची वायर लांब हवी, म्हणजे पंख्यापासून दूर ठेवता येते. मागं डायल असलेली महाग पडते. इंजिनावर अंशांच्या रेघा असतील तर साधी पुरते. रेस दिल्यावर टायमिंग किती पुढं सरकतं ते मोजायचं असेल, तरच डायलवर पैसे घाला. बहुतेक टू-स्ट्रोक बाइकला दर फेऱ्याला ठिणगी पडते, तिथं ही डायल दुप्पट आकडा दाखवू शकते. चौघा मित्रांत मिळून घेतलीत तरी चालेल, रोज कुठं लागते!

सेटिंगआधी पॉइंटचा गॅप नीट करा, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. इंजिन गरम होऊ द्या, व्हॅक्यूमची नळी काढायची का ते मॅन्युअलमध्ये बघा. खुणेवर चुन्याचं बोट ओढा, लख्ख दिसते. आणि या बत्तीत फिरता पंखाही थांबलेला दिसू शकतो, तेव्हा हात, बाही, गळ्यातली साखळी लांब!

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आपल्याच उसातलंही. त्यानं जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रण पातळ पडतं. ते दुखणं टायमिंग फिरवून जात नाही, जेट बघावा लागतो.

शेवटी नट आवळला की पुन्हा एकदा बत्ती मारा. आवळताना डिस्ट्रीब्युटर हमखास हलतो.