अमोनाइट समुद्राने आणून टाकलेले नाहीत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रीजिस नावाचं गाव आहे. गावाच्या पश्चिमेला, मॉन्मथ बीचवर ओहोटी लागली की करड्या-निळ्या चुनखडीची फरसबंदी उघडी पडते. तिच्यात ताटाएवढी, काही तर परातीएवढी वेटोळी रुतलेली दिसतात. ही अमोनाइटची जीवाश्मं. पाहणाऱ्याला वाटतं, लाटांनी शंख आणून टाकले आणि पुढे त्यांचा दगड झाला. पण ते प्राणी या समुद्रातले नव्हेतच. ते जगले सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या एका उबदार, उथळ समुद्रात, आणि ही भूमी तेव्हा आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेला होती. त्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा खडक झाला, भूकवचाच्या हालचालींनी तो वर आला. आजचा समुद्र फक्त उकरण्याचं काम करतो.

अमोनाइट म्हणजे मोठी गोगलगाय, हाही समज चुकीचाच. त्याचं नातं माकूळ आणि ऑक्टोपसशी. गंडकी नदीतल्या शाळिग्रामावरचं चक्र अमोनाइटचंच असतं, त्यामुळे हा प्राणी आपल्याकडे देव्हाऱ्यात केव्हाच पोचला आहे. कोकणातल्या काळ्या कातळात मात्र तो शोधू नये. तो कातळ थंड झालेल्या लाव्ह्याचा आहे, आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा वाहत होता त्याच सुमारास अमोनाइट जगातून संपले.

लाइमच्या कड्यात चुनखडी आणि शेल (चिखलाचा पापुद्रेदार खडक) यांचे पट्टे एकाआड एक दिसतात. वर्षाला एक थर असा हिशेब कुणी मांडला तर तो साफ फसेल, कारण अशा एकेका जोडीमागे हजारो वर्षं आहेत. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल अतिशय संथपणे बदलतात, तसं हवामान बदलतं आणि तळाशी साचणाऱ्या चिखलात चुन्याचं प्रमाण कमी-जास्त होतं. गाडलं गेल्यावर त्यातला चुना विरघळून सरकला आणि हा फरक आणखी ठळक झाला. म्हणजे ही चुनखडी शिंपल्यांच्या ढिगाची नसून मुख्यतः बारीक चुनामातीची आहे.

सगळ्यात हट्टी गैरसमज लाइमची जीवाश्म-शोधक मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) हिच्याबद्दलचे. ‘बारा वर्षांच्या मुलीने एकटीने पहिला डायनासोर शोधला’ या एका वाक्यात दोन-तीन चुका आहेत. १८११ मध्ये कवटी सापडली ती तिचा भाऊ जोसेफ याला. उरलेला सांगाडा मेरीने पुढच्या वर्षी शोधला. तो प्राणी इक्थिओसॉर, म्हणजे सागरी सरीसृप. डायनासोर नव्हे. त्याआधीही इक्थिओसॉरची हाडं सापडली होती, पण लंडनच्या विद्वानांचं लक्ष वेधलं ते या सांगाड्याने. खराखुरा डायनासोर, स्केलिडोसॉरस, शेजारच्या चारमथजवळ मिळाला. जमिनीवरच्या त्या प्राण्याचं कलेवर वाहत समुद्रात गेलं असावं.

खरं तर मेरीला असल्या अतिशयोक्तीची गरजच नाही. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर या दुसऱ्या सागरी सरीसृपाचा संपूर्ण सांगाडा काढला. त्याची लांबलचक मान पाहून क्युव्हिएसारख्या दिग्गज जीवाश्मतज्ज्ञालाही तो बनावट वाटला होता, नंतर त्याला शंका मागे घ्यावी लागली. ‘बेझोअर’ नावाने ओळखले जाणारे गोटे इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी सापडतात, हे तिच्या नजरेने टिपलं, आणि ती अश्मीभूत विष्ठा ठरली. तरी तिला विद्वानांच्या संस्थेत जागा नव्हती: लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते थेट १९१९ मध्ये. समुद्रकाठी शिंपले विकणाऱ्या मुलीवरची ‘शी सेल्स सीशेल्स’ ही इंग्रजी जीभ-वळवणी मेरीवर रचली होती, असंही सांगतात, पण त्याला पुरावा नाही.

हा किनारा २००१ पासून जागतिक वारसास्थळ आहे, म्हणून तिथला खडाही उचलता येत नाही, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वाळूवर सुटं पडलेलं जीवाश्म उचललं नाही तर लाटा त्याचा चुरा करतात, त्यामुळे नियम पाळून ते वेचायला हरकत नसते. बंदी आहे ती परवानगीशिवाय कडा खोदायला, आणि अमोनाइटच्या त्या फरसबंदीवर हातोडा चालवणं तर निव्वळ नासधूस. कडा ढासळतो तोही फक्त लाटांमुळे नाही. पावसाचं पाणी चिकणमातीत मुरतं आणि वरचा भाग घसरतो. १९ व्या शतकात सिमेंटसाठी किनाऱ्यावरचे चुनखडीचे कट्टे फोडून नेले, तेव्हा लाटांना अडवणारा आडोसाही गेला. जीवाश्मं हिवाळ्यातल्या वादळांनंतर जास्त मिळतात, पण दरडीही त्याच दिवसांत कोसळतात. शोधायचं ते कड्यापासून दूर, ओहोटीची वेळ पाहून.