घमेल्यातली पालेभाजी : माघ ते वैशाख

गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात धुऱ्यावर तरोटा मिळतो, बोडीच्या काठाला कोचईची पाने मिळतात. हिवाळ्यात लाखोरीची आणि चण्याची कोवळी भाजी घरात येते. यातले बरेचसे फुकट किंवा थोडक्या पैशात मिळते. पण होळी सरली की शिवार वाळते. बाजारात पालेभाजीची जुडी बारीक होते आणि भाव चढतो. मग मृगाचा पाऊस येईपर्यंत अनेक घरांच्या ताटात भात, वरणाचे पाणी, आलू आणि चटणी एवढेच उरते. पालेभाजीचा खरा दुष्काळ याच तीन महिन्यांत पडतो. तो थोडा तरी भरून काढावा म्हणून यंदा आम्ही दारातल्या ओट्यावर सहा भांड्यांत भाजी लावली आणि माघापासून वैशाखापर्यंत तिच्यावर लक्ष ठेवले. त्यातून जे हाती आले ते या पानावर देत आहोत.

पालेभाजीचा आग्रह का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये, म्हणजे ५४ टक्क्यांच्या आसपास, रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होते. दम लागणे, चक्कर येणे, रोवणीला वाकले की डोळ्यांपुढे अंधारी येणे, हे आपल्या मायबहिणी 'कामाचा थकवा' म्हणून सोडून देतात. पुष्कळदा तो रक्तक्षयच असतो.

आपल्या पूर्व विदर्भात याला सिकलसेलची जोड आहे. हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त दिसतो. तो आईवडिलांकडून येतो, संसर्गाने होत नाही आणि कोणत्याही भाजीने बरा होत नाही. मात्र सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर तुटतात आणि शरीराला सतत नव्या पेशी बनवाव्या लागतात. त्यासाठी फोलेट हे जीवनसत्त्व लागते आणि ते हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. म्हणून डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अॅसिडची गोळी बंद न करता सोबत भाजी खायची. लोहाची गोळी मात्र सिकलसेलच्या रुग्णाने तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला यांशिवाय घेऊ नये. ज्यांची सिकलसेल तपासणी अजून झालेली नाही, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्यावी.

भांडी आणि माती

दोन फुटकी घमेली, तेलाचा एक पिपा, सिमेंटच्या दोन चुंगड्या आणि एक जुनी बादली, एवढाच आमचा पसारा. चुंगड्या आधी झटकून, धुऊन घेतल्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडली आणि त्यांवर खापराचे तुकडे ठेवले, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती थांबते. धानावर फवारायच्या औषधाचा डबा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नये. त्यातले विष मातीत आणि मातीतून भाजीत उतरते.

माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग आणि राईस मिलमधला धानाचा तूस एक भाग, असे मिश्रण केले. तुसामुळे माती भुसभुशीत राहते आणि भांडे हलके होते. बोडीतला गाळ मिळाला तर उत्तमच. ताजे शेण घालू नये, त्याच्या उष्णतेने मुळे जळतात. भांडी अशा जागी ठेवली की सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल.

माघ, फाल्गुन

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मेथी, पालक, सांबार आणि चवळाई पेरली. मिरचीची दोन रोपे आणून लावली. मेथी चौथ्या दिवशी वर आली, पालक आठव्या दिवशी. सांबाराचे धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका केले होते, तरी बाराव्या दिवसापर्यंत वाट पाहावी लागली. चवळाईचे बी राईहून बारीक असते, ते कोरड्या रेतीत मिसळून पेरले की एकसारखे पडते.

चौथ्या आठवड्यात मेथी उपटून खाल्ली. पालकाची पहिली कापणी पाचव्या आठवड्यात झाली. बाहेरची मोठी पाने घ्यायची आणि मधला गाभा ठेवायचा, म्हणजे दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाने मिळतात. होळीच्या सुमारास मिरचीच्या पानांखाली मावा दिसला. पाने खालून पाण्याने धुतली, नंतर कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी दर तीन दिवसांनी शिंपडले. पंधरवड्यात मावा आटोक्यात आला.

चैत्र, वैशाख

मार्चच्या अखेरीस ऊन चाळिशीकडे सरकले, तसे मेथी आणि सांबार दांड्यावर येऊन फुलले. हा दोष मातीचा नाही आणि हाताचाही नाही. ही थंडीची पिके आहेत, ऊन वाढले की ती बी धरतात. सांबार तसाच ठेवून पुढच्या हंगामाचे धने घेतले. मोकळ्या झालेल्या भांड्यांत अंबाडी आणि पुन्हा चवळाई पेरली, पिप्यात पोईच्या वेलाची कांडी खोचली. या तिन्हींना ऊन मानवते. भीमजयंतीच्या आठवड्यात चवळाई खुडायला आली.

मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो तेव्हा भांड्यातली माती शेतातल्या मातीपेक्षा लवकर तापते. जुन्या लुगड्याची दुपारपुरती सावली केली आणि मातीवर तणसाचा दोन बोटे थर दिला. पाणी सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी दिले. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसायचे, ओल लागली तर त्या वेळचे पाणी टाळायचे. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी याच कामी आले, कपड्यांचे साबणपाणी पालेभाजीला घातले नाही. मिरचीची फुले उन्हाने गळतात, म्हणून झाड उपटू नये. पावसाळ्यात ते पुन्हा धरते. भांड्याखाली ताटली ठेवली असेल तर आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासावी. साचलेल्या त्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

ताटात येईपर्यंत

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. ती थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, लवकर शिजवावी आणि उकळलेले पाणी फेकू नये, कारण फोलेट त्याच पाण्यासोबत जाते. भाजीतले लोह शरीरात नीट जिरावे म्हणून त्याच जेवणात लिंबू पिळावे, किंवा कच्ची कैरी किंवा आवळा खावा. जेवणाला लागून चहा पिऊ नये, मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. नुसत्या पालकावर भिस्त नको. त्यातल्या घटकांमुळे त्याचे लोह कमी जिरते. चवळाई, मेथी आणि वस्तीत कुठे ना कुठे असलेल्या मुनग्याचा पाला आलटून पालटून खावा. गरोदर बहिणींनी आशाताईंकडून मिळणाऱ्या लोह-फॉलिक अॅसिडच्या १८० दिवसांच्या गोळ्या भाजी खातो म्हणून सोडू नयेत. आणि खुडलेली भाजी आधी कामावरच्या पुरुषांच्या ताटात आणि उरली तर बाईच्या, असे होऊ नये. रक्त कमी असलेल्या बाईला आणि वाढत्या मुलीला तिचा वाटा आधी मिळाला पाहिजे.

सहा भांड्यांतून किती मिळाले? फाल्गुनात आठवड्यातून दोनदा पाच जणांना पुरेल इतकी भाजी झाली, वैशाखात एकदाच. रोजची भाजी यातून होत नाही, विकत घ्यावीच लागते. घमेल्यातली माती म्हणजे जमीनही नव्हे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केला तो कसायला जमीन मिळावी म्हणून, आणि ती मागणी घमेल्याने फिटत नाही. पण आज ज्या घराला पाय पसरण्यापुरतीच जागा आहे, त्या घरातही एक चुंगडी मावते.

सुरुवात करणाऱ्यांनी एकाच भांड्यात चवळाई लावावी. बियाणे शेजारी वाटून घ्यावे. विहाराच्या आवारात मोकळा कोपरा असेल तर महिला मंडळाने तिथे पोईचा वेल आणि मुनग्याची एक फांदी लावावी. बचत गटातल्या भगिनींनी 'उमेद'च्या ताईंकडे पोषण परसबागेची माहिती विचारावी. मुनग्याची फांदी पावसाच्या पहिल्या सरींनंतर लावली तर चांगली धरते, तोवर कुणाच्या झाडाची मिळेल ते ठरवून ठेवावे.