एका पार्टीला एक डेस्कटॉप

इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्यांचे आणि यंत्रमागधारकांचे हिशेब लिहिणं हा माझा व्यवसाय. काम सगळं लॅपटॉपवर चालतं आणि त्याची स्क्रीन चौदा इंचांची. महिन्याच्या मध्यावर त्या स्क्रीनवर टॅली उघडं असतं, दोन-चार एक्सेल फायली असतात, जीएसटीचं पोर्टल, बँक स्टेटमेंटची पीडीएफ, व्हॉट्सॲपवर आलेले बिलांचे फोटो, ईमेल आणि कॅलक्युलेटर असतो. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींना जमा-नावे पटकन समजतं. त्या अडतात ते या गर्दीत. “मॅडम, आत्ता होती ती फाइल कुठं गेली?” हा प्रश्न आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त ऐकू येतो. म्हणून उघड्या विंडो नीट लावणं हाच पहिला धडा असावा, असं माझं ठाम मत आहे. आणि हा धडा फक्त हिशेबनिसांपुरता नाही. घरून ऑफिसचं काम करणारे, ऑनलाइन शिकवणारे शिक्षक, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, सगळ्यांना तो लागतो.

मुळात त्रास कुठे होतो ते पाहू. खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं तर विकणाऱ्याने भरलेली बिलं सरकारी पत्रकात, म्हणजे जीएसटीआर-२बी मध्ये, दिसावी लागतात. हे पत्रक दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि साधारणपणे २० तारखेपर्यंत रिटर्न भरायचं असतं. मधल्या दिवसांत आमच्या खरेदी रजिस्टरशी त्याची जुळवणी करायची. प्रत्येक व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. शेवटची तीन वेगळी. एका विंडोत हा क्रमांक वाचायचा, तो मनात धरून दुसऱ्या विंडोत जायचं आणि तिथे शोधायचा, असं केलं तर वाटेतच दोन अक्षरं निसटतात. शून्य होतं की इंग्रजी ओ, हे पाहायला परत मागे यावं लागतं. बिलाचा क्रमांक आमच्याकडे ४५७ आणि समोरच्याने भरलेला ०४५७ असेल, तर तो फरक अशा ये-जा करण्यात दिसतही नाही. माणूस दमतो तो आकड्यांनी कमी आणि या येरझाऱ्यांनी जास्त.

यावर उपाय जुनाच आहे. वहीच्या काळात मुनीम रोजकीर्द आणि खतावणी शेजारी-शेजारी उघडी ठेवूनच ताळा घेत असत. लॅपटॉपवरही जे दोन कागद ताडून पाहायचे ते एकाच वेळी डोळ्यांसमोर हवेत. विंडोज ११ मध्ये विंडोजचं बटण दाबून डावा बाण दाबला की चालू विंडो डाव्या अर्ध्या भागात बसते. उरलेल्या अर्ध्या भागात बाकीच्या विंडोंची छोटी चित्रं दिसतात, त्यातली हवी तिच्यावर क्लिक करायचं. दोघींमधली रेघ माउसने सरकवली की एक रुंद आणि दुसरी अरुंद होते. बँक स्टेटमेंट बघून टॅलीत नोंदी करताना मी पीडीएफला कमी जागा देते आणि टॅलीला जास्त.

पण जुळवणीसाठी शेजारी-शेजारी मांडणी मला पटत नाही. एक्सेलच्या ओळी आडव्या आणि लांब असतात, अर्ध्या रुंदीत त्यांचे निम्मे रकाने लपतात. तिथे एक फाइल वर आणि एक खाली हवी. विंडोज बटण आणि ऑल्ट धरून वरचा बाण दाबला की विंडो वरच्या अर्ध्यात जाते, खालचा बाण दाबला की खालच्या. दोन्ही फायली जीएसटी क्रमांकानुसार क्रमाने लावून घेतल्या की वरचा क्रमांक आणि खालचा क्रमांक एकाखाली एक येतात. मग ४५७ आणि ०४५७ मधला फरक शोधावा लागत नाही, तो आपोआप डोळ्यांत भरतो. स्क्रीन तीच, फायली त्याच. मांडणी बदलली की चूक दिसू लागते.

विंडो एकमेकींवर चढू द्यायच्या की शेजारी मांडायच्या, हा वाद विंडोंइतकाच जुना. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आणली, तेव्हा तिच्यात प्रोग्रामच्या विंडो फरशांसारख्या शेजारी-शेजारीच बसत. एकीवर दुसरी चढवायची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. चालू असलेल्या प्रत्येक कामाचं बटण दाखवणारी खालची पट्टी, टास्कबार, १९९५ ची. आणि कडेला ओढताच अर्धी स्क्रीन व्यापणारी विंडो २००९ च्या विंडोज ७ मध्ये आली. ॲपलनेही मॅकमध्ये अशी सोय २०२४ साली दिली.

मला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात झालेलं काम. स्टुअर्ट कार्ड आणि ऑस्टिन हेंडरसन या दोघांनी एक साधी गोष्ट हेरली. माणूस एका वेळी सगळ्या विंडो वापरत नाही. एका कामासाठी त्याला मोजक्या तीन-चार लागतात. काम बदललं की दुसऱ्या तीन-चार. छोट्या स्क्रीनवर सगळ्या एकत्र कोंबल्या की तो कामापेक्षा त्या हलवण्यातच वेळ घालवतो. म्हणून त्यांनी ‘रूम्स’ नावाची पद्धत तयार केली. प्रत्येक कामाची वेगळी खोली, त्या खोलीत त्याच कामाच्या विंडो, आणि एका खोलीतून दुसरीत जायला दार.

हीच सोय आज आपल्या लॅपटॉपवर फुकट बसलेली आहे आणि बहुतेकांनी ती कधी उघडूनही पाहिलेली नाही. मॅकमध्ये ती २००७ पासून आहे, विंडोजमध्ये २०१५ च्या विंडोज १० पासून. विंडोज बटण, कंट्रोल आणि डी एकत्र दाबा. नवा, कोरा डेस्कटॉप समोर येईल. आधीच्या विंडो जागेवरच असतात, फक्त नजरेआड जातात. विंडोज बटण आणि कंट्रोलसोबत डावा-उजवा बाण दाबला की एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जाता येतं. विंडोज बटण आणि टॅब दाबलं की सगळे डेस्कटॉप खाली ओळीने दिसतात. तिथे त्यांना नावं देता येतात, चुकीच्या जागी उघडलेली विंडो ओढून योग्य डेस्कटॉपवर टाकता येते.

आमच्या ऑफिसात नियम आहे : एका पार्टीला एक डेस्कटॉप. सूतवाल्याची खरेदी, त्याचं स्टेटमेंट आणि त्याचं पत्रक एका डेस्कटॉपवर, यंत्रमागवाल्याचं दुसऱ्यावर. ईमेल आणि व्हॉट्सॲपचा डेस्कटॉप वेगळा, शेवटचा. मुद्दाम कुठलं सेटिंग बदललं नसेल, तर टास्कबारवर आणि ऑल्ट-टॅब दाबल्यावर चालू डेस्कटॉपच्याच विंडो दिसतात. त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या पत्रकात जायची शक्यता बरीच कमी होते. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला तर डेस्कटॉप आणि त्यांची नावं राहतात, पण फायली पुन्हा उघडाव्या लागतात, हे लक्षात ठेवा.

या शिस्तीमागे एक नैतिक बाजूही आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एखाद्या पार्टीला ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना पूर्ण स्क्रीन शेअर केली, तर मागे उघडी असलेली दुसऱ्याची ताळेबंदाची फाइल किंवा वरून सरकणारा मेसेज तिला दिसू शकतो. विश्वासाने सोपवलेली माहिती अशी उघडी पडणं अक्षम्य आहे. म्हणून शेअर करताना नेहमी एकच विंडो निवडावी. हे डॉक्टरांना लागू आहे, वकिलांना लागू आहे आणि मुलांचे गुण दाखवणाऱ्या शिक्षकांनाही.

लॅपटॉप मंदावल्याची तक्रार तर घरोघरी असते. विंडो मिनिमाइझ केली म्हणजे बंद झाली, असा समज सर्रास आढळतो. ती फक्त खाली जाते. मेमरी व्यापून बसलेलीच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा; कोण किती मेमरी खातंय ते समोर येईल. पुष्कळदा सगळ्यात वर ब्राउझर असतो, कारण ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेले टॅब. ते बंद करायला घाबरू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबलं की शेवटचा बंद केलेला टॅब परत येतो. खरंच लागणार असेल ते पान बुकमार्क करा.

बाहेरचा मॉनिटर काढल्यावर कधी एखादी विंडो गायबच होते. टास्कबारवर दिसते, स्क्रीनवर येत नाही. अशा वेळी टास्कबारवर तिच्यावर क्लिक करून विंडोज बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबून पाहावा. बहुधा ती समोर येते.

या सगळ्या युक्त्या एकदम पाठ करायची गरज नाही. उद्या काम सुरू करताना दोनच गोष्टी करा. ताडून पाहायचे दोन कागद एकत्र समोर ठेवा आणि ज्या कामाची आत्ता गरज नाही ते दुसऱ्या डेस्कटॉपवर हलवा. मोठी स्क्रीन घ्यायला पैसे लागतात. एवढं करायला काहीच लागत नाही, आणि चुका मात्र पहिल्याच दिवसापासून कमी होऊ लागतात.