पगार, पाळी आणि प्रवास : पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील काटकसरीचा मागोवा

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कामगार कुटुंबांना गेली सत्तर वर्षे दोन हिशेब एकाच वेळी जमवावे लागले आहेत : महिन्याच्या पगाराचा आणि दिवसाच्या तासांचा. स्वस्त खोली लांब मिळते, स्वस्त भाजीसाठी मंडई गाठावी लागते, घरचा डबा न्यायचा तर कोणाला तरी पहाटे उठावे लागते. वाचलेल्या प्रत्येक रुपयामागे कोणाचा तरी वेळ खर्ची पडलेला असतो. तो किती आणि कोणाचा, हे मात्र काळानुसार बदलत गेले.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. कामावर चालत जाता येत असल्याने तिथल्या कुटुंबांचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचत. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने या भागात आले. कामगार पुणे शहरातून आणि मावळ, खेडच्या गावांतून येऊ लागले. इतक्यांना वसाहत पुरणे शक्य नव्हते. ती उणीव मोठ्या कारखान्यांत कंपनीच्या बसने आणि कॅन्टीनने भरून काढली. 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीन चालवायला लावण्याची तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमात होती. स्वस्तातल्या एका जेवणामुळे घरचा एक डबा कमी होई. पगारपत्रकात ही कमाई दिसत नसे, पण घरखर्चात ती ठळक जाणवे.

ज्यांना बस नव्हती त्यांचा आधार सायकल होती. तिला इंधनाचा खर्च नाही, मात्र शिफ्ट संपल्यावर दमलेल्या अंगाने तीच दामटत घरी यावे लागे. 1972 पासून आकुर्डीत बजाज चेतक तयार होऊ लागली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती, त्यामुळे नाव नोंदवून काही वर्षे थांबावे लागे. पुढे ही टंचाई संपली, हप्त्यावर मोटारसायकल मिळू लागली आणि दुचाकी ही कामगाराच्या घरातली पहिली मोठी खरेदी ठरली. तिने वेळ वाचवला. त्याबरोबर पेट्रोल, विमा आणि हप्ता हे कायमचे खर्चही घरात आणले. 2021 मध्ये पेट्रोल लिटरला शंभर रुपयांवर गेले, तेव्हा या सोयीची किंमत नव्याने कळली.

वेळेचा भाव कायद्यानेच ठरवून दिला होता. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम केल्यास दुप्पट दराने मजुरी, हा कारखाने अधिनियमाचा नियम. ‘ओटी’चे पैसे हा अनेक घरांत बचतीचा मुख्य मार्ग बनला. या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी बँक, रेशन आणि सरकारी कचेरी उघडी असल्याने ही कामे रजा न घालवता उरकतात. मुलांच्या शाळेला सुट्टी मात्र रविवारी. त्यामुळे आई-वडील आणि मुले दिवसभर एकत्र असण्याचे प्रसंग कमी होतात. हे नुकसान पैशात मोजले जात नाही, म्हणून ते लहान ठरत नाही.

1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि पेठांमधील भूखंड व घरे कामगारांच्या आवाक्यात येऊ लागली. भविष्य निर्वाह निधीतील उचल, कंपनीच्या पतसंस्थेचे कर्ज आणि भिशी यांच्या जोरावर अनेकांनी स्वतःचे छप्पर उभे केले. 1978 मध्ये सुरू झालेल्या पुणे–लोणावळा लोकलमुळे तळेगाव, कामशेतकडून स्वस्त मासिक पासावर ये-जा करता आली. गाडीच्या वेळेला दिवस बांधून घ्यावा लागला, इतकेच.

नव्वदच्या दशकानंतर उद्योगांचा ओघ चाकणकडे वळला. 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला. मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्रा यांचेही कारखाने आले. दरम्यान, 2007 मध्ये बजाजने आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबवली. काम पुढे सरकले, घरे मागे राहिली. चाकणला रेल्वे नाही. 2022 मध्ये सुरू झालेली मेट्रो पिंपरीहून पुण्याच्या दिशेने जाते. नाशिक रस्त्यावर आणि चाकणच्या तळेगाव चौकात होणाऱ्या कोंडीत दुचाकीने वाचवलेला वेळही परत जातो. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली तरुण मुले म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडीत कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात. कारखान्याजवळच्या खोलीत त्यांचा प्रवास वाचतो. पण कंत्राटी नोकरी कधी संपेल याची खात्री नसल्याने घर घेण्याचा विचार लांबतो. कायम कामगाराला सहज मिळणाऱ्या सोयी कंत्राटी कामगाराच्या वाट्याला तितक्या येत नाहीत.

घरातला वेळ बहुतेक वेळा बाईचा असतो. नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी येते. साठवणीची टाकी नसलेल्या घरात पाण्याच्या वेळेला कोणीतरी हजर असावे लागते आणि त्या वेळेत बाहेरचे काम धरता येत नाही. 2020 मध्ये राज्य सरकारने सुरू केलेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीचे मोल अशा घरांत कळले. त्या थाळीने पैशाबरोबर बाजारहाट आणि स्वयंपाकाचा वेळही वाचला.

या साऱ्याचा हिशेब साध्या आकड्यांत मांडता येतो. रोज येण्याजाण्यात दोन तास जात असतील, तर 26 दिवसांत 52 तास, म्हणजे आठ तासांच्या साडेसहा पाळ्या होतात. लांबच्या खोलीमुळे भाड्यात वाचणारी रक्कम या तासांशी आणि प्रवासखर्चाशी ताडून पाहिली, तर पुष्कळदा स्वस्त खोली महाग ठरते. उलट, रिकाम्या वेळेत केलेली दुरुस्ती किंवा घरचा स्वयंपाक खरी बचत करून देतो, कारण त्या तासांना दुसरीकडे भाव मिळत नसतो. थकवा आणि झोपही हिशेबात धरावी लागते, विशेषतः रात्रपाळी करणाऱ्यांना.

सत्तर वर्षांचा अनुभव एक गोष्ट स्पष्ट करतो. कारखान्याजवळचे घर, कंपनीची बस, कॅन्टीन, लोकलचा पास, पतसंस्था या सामायिक सोयींनी वेळ आणि पैसा दोन्ही वाचवले. जिथे त्या तुटल्या, तिथे एक वाचवताना दुसरे गमवावे लागले. घरातली काटकसर कितीही चोख असली, तरी घर आणि काम यांतले अंतर ती एकटी भरून काढू शकत नाही. चाकणची सार्वजनिक वाहतूक, कारखान्याजवळ परवडणारी घरे आणि रोजचे पाणी यांवर केलेला खर्च म्हणूनच कामगाराच्या बचतीत पडलेली थेट भर ठरतो.