मानसशास्त्रज्ञाची पहिली भेट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. गणपतीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची माळवदे निजलेल्यांच्या अंगावर कोसळली. लातूर व धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे घरे बांधली गेली, गावे नव्या जागी वसली. परंतु मनाची पडझड अशी डोळ्यांना दिसत नाही. भूकंपातून वाचलेल्या काही व्यक्तींची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिकांत मनोविकार आढळला. हा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. हे लोक दुबळे अथवा वेडे नव्हते. आदल्या दिवसापर्यंत नांगर धरणारी, जात्यावर दळणारी, शाळेत जाणारी अशीच ती माणसे होती. मनाला इजा कोणालाही होऊ शकते, हा सास्तूरच्या परिसराने शिकविलेला पहिला धडा होय.

अशी इजा भूकंपानेच होते असे नाही. घरातील मृत्यू, कर्जाची चिंता, बापाचे व्यसन, परीक्षेची धास्ती, ह्यांपैकी कोणतेही कारण पुरेसे असते. वर्गात चुणचुणीत असलेला मुलगा एकाएकी अबोल होतो, मुलगी जेवणाचा डबा तसाच परत नेते, अभ्यासात मागे पडते. हे प्रथम शिक्षकाच्याच ध्यानात येते. ह्यास्तव तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला देण्याचे काम पुष्कळदा त्याच्यावर येऊन पडते. तेथे काय घडते हे त्यालाच ठाऊक नसेल, तर पालकांची भीती तो कशी घालविणार?

प्रथम दोन तज्ज्ञांमधील भेद समजून घ्यावा. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. तो औषधे देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. बोलणे, निरीक्षण, चाचण्या व मनाला वळण लावण्याचे शास्त्रशुद्ध उपाय ही त्याची साधने होत. चिकित्सा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ती आहे की नाही, तसेच फी किती, हे आधीच विचारण्यात संकोच मानू नये. पुष्कळदा दोन्ही तज्ज्ञ मिळून एकाच रुग्णाला साहाय्य करतात.

जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून काढाव्यात : त्रास केव्हापासून आहे, तो कोणत्या वेळी वाढतो, झोप व भूक कशी आहे, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. मुलाची भेट असेल तर शिक्षकाने आपले निरीक्षण लिहून द्यावे. मात्र निष्कर्ष लिहू नये. ‘मुलगा आळशी आहे’ ह्यापेक्षा ‘दिवाळीच्या सुटीनंतर तो मधल्या सुटीत एकटाच बसतो’ हे वाक्य तज्ज्ञाला अधिक उपयोगी पडते. मुलाला खोटे सांगून नेऊ नये. ‘तुला टोचतील’ असा धाकही घालू नये. ‘तुझ्या मनातले ऐकून घेणाऱ्या माणसाकडे आपण जात आहोत,’ एवढे खरे सांगणे पुरे आहे. पालकांची संमती व सोबत अवश्य असावी.

पहिली भेट साधारणपणे पाऊण ते एक तास चालते. तीत मुख्यतः विचारपूस होते. घर, बालपण, काम, आजार ह्यांविषयी प्रश्न विचारले जातात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर तूर्त द्यावयाचे नसेल तर तसे सांगता येते. रडू आले तर लाजण्याचे कारण नाही. त्या खोलीत ते नवलाचे नसते. मानसशास्त्रज्ञ मन वाचीत नाही, भूल घालीत नाही, की दोषही देत नाही. पहिल्याच भेटीत दुःख हलके होईल अशी अपेक्षाही ठेवू नये. मोडलेले हाड जोडण्यास जसे काही आठवडे लागतात, तशाच येथेही अनेक भेटी लागतात. दोनतीन भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाण्यात काही गैर नाही.

बोललेले गुप्त राहते काय, ही सर्वांत मोठी शंका असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. त्यास अपवाद आहेत. जिवास धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती सांगावी लागते. तसेच बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाच दंडक शिक्षकालाही लागू आहे. मुलाच्या भेटीची चर्चा शिक्षकांच्या खोलीत अथवा पारावर होता कामा नये. एका शब्दाने ‘वेडा’ हा शिक्का बसतो, आणि तो पुसण्यास वर्षे लागतात.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली अशा सेवेची चौकशी करता येते. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य, दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

शेवटी, हे सर्व शिक्षकाने स्वतःसाठीही ध्यानात ठेवावे. भूकंपात ज्यांचे विद्यार्थी व आप्त गेले, त्यांत शिक्षकही होते. आणि दुसऱ्यांना धीर देणाऱ्याला स्वतः धीराची गरज नसते, असा कोठेही नियम नाही. ज्या गावात गुरुजी अथवा बाई आपण होऊन तज्ज्ञाकडे जातात, तेथे पालकांना आपल्या मुलास नेण्याची लाज वाटत नाही.