वृक्ष कीं प्रवाह?



नाशिकास येणाऱ्या यात्रेकरूंचीं नांवें क्षेत्रोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वह्यांत उतरवून ठेवीत आले आहेत. समजा, अशा वह्यांसमोर बसलेल्या उपाध्यांना एकानें विचारलें, “गुरुजी, आमच्या पणजोबांना भाऊ किती, आणि त्यांची शाखा कोठें गेली?” याचें उत्तर द्यावयाचें, तर त्या कुळाचा वंशवृक्ष समोर मांडून त्यांत वर-खालीं फिरावें लागेल. दुसऱ्यानें विचारलें, “२००३ च्या सिंहस्थांत आमच्या गांवचे किती लोक आले?” यास वृक्ष कशाला हवा? पान उलटावें, गांवाचें नांव दिसलें कीं एक रेघ ओढावी, आणि पुढें जावें.

संगणकाच्या जगांतहि हाच प्रश्न उभा राहतो. १९९८ सालीं ‘एक्सएमएल’ नांवाची लेखनपद्धति प्रमाण ठरली. तींत मजकुराच्या आरंभीं व अंतीं नांवाची खूण असते, आणि एका खुणेच्या पोटांत दुसरी सामावते. असा मजकूर वाचण्याच्या दोन रीती त्याच वर्षीं सिद्ध झाल्या. ‘डॉम’ ही रीत सगळा मजकूर आधीं वाचून त्याचा वृक्ष स्मृतींत उभा करते. ‘सॅक्स’ ही रीत स्वतः कांहींच सांठवीत नाहीं. खूण उघडली, अक्षरें आलीं, खूण मिटली, एवढी वर्दी क्रमानें देत जाते.

आतां व्यवहाराकडे वळूं. मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. त्याच्या सर्व लेखांची प्रत एक्सएमएल स्वरूपांत कोणासहि उतरवून घेतां येते. गोदावरीचा उल्लेख किती लेखांत आहे, हें मोजण्यासाठीं एखाद्या विद्यार्थ्यानें तिचा वृक्ष बांधावयास घेतला, तर तो मूळ मजकुराच्या कित्येक पट जागा अडवितो. इंग्रजी विकिपीडियाची प्रत तर दाबून बसविलेली असूनहि २० गिगाबाइटांहून मोठी. तिच्यापुढें घरगुती यंत्र गुदमरतें, आणि तासन्‌तासांचें काम वायां जातें.

परंतु प्रवाहाची रीतहि निर्धोक नाहीं. एकच परिच्छेद तुकड्या-तुकड्यांनीं हातीं येऊं शकतो. ते न जोडतां शोध घेतला, तर ‘गोदा’ एका तुकड्यांत, ‘वरी’ दुसऱ्यांत, आणि मोजणी चुकते! शिवाय मजकूर शेवटीं तुटलेला निघाला, तर वृक्षाची रीत सामान्यतः तो सगळाच नाकारते. प्रवाहांत मात्र तोंवर बरीच मोजणी होऊन गेलेली असते. म्हणून शेवटची खूण मिटेपर्यंत कोणताहि आंकडा पक्का धरूं नये.

या दोहोंमध्यें एक मध्यम मार्गहि आहे. प्रवाहांतून एक लेख पुरा आला कीं तेवढ्याचाच लहान वृक्ष करावा, काम होतांच तो मोडावा, आणि मग पुढचा लेख घ्यावा. मोडण्याचें विसरल्यास लहान वृक्षांचें अरण्य माजतें, आणि यंत्र पुन्हां गुदमरतें.

सारांश, मजकूर स्मृतींत सहज मावत असेल, आणि त्यांत वारंवार मागें-पुढें पाहावयाचें किंवा फेरफार करावयाचे असतील, तर वृक्ष बरा. मजकूर अफाट, आणि प्रश्न एका फेरींत सुटणारा असेल, तर प्रवाह बरा.

हें भाषण आपण ऐकत आहां. निसटलेलें वाक्य परत येणार नाहीं. तें छापून आलें म्हणजे मात्र पान उलटून पाहतां येईल. यंत्रास काम सोंपविण्यापूर्वीं एवढाच विचार करावा: ऐकून भागेल, कीं समोर ठेवून पाहावें लागेल?